चिगुसाचं मुखपृष्ठ

या, अशा जवळ सरका. नमनाला घडाभर तेल नको. एका राजकन्येचं सिंहासन एका चष्मेवाल्या मुलीनं मान वर न करता कसं पटकावलं, त्याची ही गोष्ट.

राजकन्या होती कियोहिको ओनोदेराची. हा गृहस्थ दिवसभर पालिकेच्या पाणीखात्यात गळक्या नळांच्या तक्रारी ऐकायचा आणि पहाटे उठून लाइट नॉव्हेल लिहायचा. म्हणजे खिशात मावणारी, मधून मधून चित्रं असलेली, पोरांनी गाडीत उभ्या उभ्या संपवायची कादंबरी. सात वर्षं त्यानं एकाच राजकन्येला, वेर्लिंडाला, जपलं होतं. चंदेरी केस, जांभळे डोळे, कमरेला रत्नजडित तलवार. तिला प्रकाशक मिळाला तेव्हा पोटच्या पोरीचं लग्न ठरल्यासारखा तो देवळात जाऊन दोनदा वाकला, दोनदा टाळ्या वाजवून पुन्हा वाकला. देवानंही ऐकलं. अर्धंच ऐकलं, एवढंच.

या धंद्यात चित्रकाराला अख्खी कादंबरी वाचायला मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. कादंबरी तेव्हा बहुधा लिहूनच झालेली नसते. चित्रकाराकडे जातो तो पात्रांचा तक्ता. तक्त्यात पहिलं नाव असलेली मुलगी मुखपृष्ठावर बसवायची, हे कुणी कुणाला सांगत नाही. श्वास घ्या असं सांगतं का कोणी? पण संपादक कुसुनोकी पडले शिस्तीचे. त्यांनी तक्ता लावला पात्रं गोष्टीत येतात त्या क्रमानं. आणि गोष्टीत सगळ्यात आधी येत होती ग्रंथालयातली चिगुसा. ती राजकन्येला म्हणते, "परत करायची पुस्तकं बाहेरच्या पेटीत टाका," आणि दार लावून घेते. दोनशे ऐंशी पानांत तिचं काम एवढंच. तक्त्यात राजकन्येला अकरा ओळी होत्या, चिगुसाला एकच: वाचताना हिचे ओठ हलतात.

मिझुतामा या टोपणनावानं चित्रं काढणाऱ्या बाईंनी तक्ता पाहिला आणि चिगुसाला मुखपृष्ठावर बसवलं.

चित्र आलं ते छपाईच्या आदल्या दिवशी. चूक कचेरीत सगळ्यांना दिसली. पण मुलगी पुस्तकावर वाकलेली, चष्मा घसरलेला, बोट ओळीखाली आणि ओठ एका अक्षरावर अर्धवट उघडे. डोळे तर दिसतच नव्हते. ज्या धंद्यात डोळे बशीएवढे काढतात, तिथे या बाईंनी नुसत्या पापण्या काढल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, आपण चुकून आत आलोय, आता पाय वाजवू नयेत. कुसुनोकींनी हलक्या आवाजात, छापायला पाठवा, म्हटलं. लेखकाला विचारायचं राहिलं. ते तसंही राहतंच.

आठवड्यात पुस्तक दुकानांतून संपलं. दुसऱ्या आठवड्यात पत्रं आली. चिगुसानं दार लावल्यावर पुढे काय केलं, असं चारशे जणांनी विचारलं होतं. वेर्लिंडाची चौकशी एकानं केली. तलवार कुठल्या धातूची, म्हणून.

कुसुनोकींनी ओनोदेराला कॉफी पाजून अत्यंत अदबीनं गळा कापला. दुसरा भाग चिगुसाचा. राजकन्येला शिकायला परदेशी पाठवा. नाही जमलं तर मालिका पहिल्याच भागावर थांबेल, पण सेन्सेईंनी, म्हणजे लेखकमहाशयांनी, दडपण घेऊ नये.

सेन्सेईंनी योकानचा, म्हणजे गोड वड्यांचा, डबा घेतला आणि थेट कावागोएला चित्रकाराचं घर गाठलं. लेखकानं चित्रकाराच्या दारी जाणं म्हणजे अगोचरपणा. सगळं संपादकामार्फत चालतं. पण पोरीच्या संसाराचा प्रश्न होता. मुखपृष्ठावर एकदा वेर्लिंडा येऊ दे, लोक तिच्यावरही जीव टाकतील, अशी त्याची खात्री होती.

दार उघडलं साठीच्या मित्सुए शिगेनो बाईंनी. मिझुतामा त्याच. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला, गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तक्ता काढून त्याच्यापुढे सरकवला.

"वाचा बरं तुमच्या अकरा ओळी."

तो मनातल्या मनात वाचू लागला. वाचून झाल्यावर मान वर केली, तर बाई तोंडावर हात धरून हसत होत्या.

"ओनोदेरा-सान, तुमचे ओठ हलतात हो."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शाळेत पोरं यावरूनच चिडवायची. चिगुसाची ती ओळ आपण कुठून आणली, हे त्याला आत्ता कळत होतं.

"या अकरा ओळी म्हणजे सोनाराच्या दुकानातली काच," बाई म्हणाल्या. "बाहेरून बघायची. ही एक ओळ मात्र कुणीतरी जगलेली. मी तक्ता चुकीचा लागलाय हे ओळखलं होतं. पण हात हिच्यावरून हलेना. मी काय करू?"

वाद घालायला आलेला माणूस डब्यातलं योकान बाईंबरोबर खाऊन परतला. दुसरा भाग त्यानं दोन महिन्यांत लिहिला. सात वर्षांत वेर्लिंडा त्या दाराच्या आत गेली नव्हती. चिगुसा दार लावून आत इतकं काही करत होती की त्याचा हात पुरेना.

पण दुसऱ्या भागात समुद्रकिनारा हवाच, हा या धंद्याचा धर्म. कुसुनोकी गालात हसत म्हणाले, चिगुसा पोहण्याच्या कपड्यात, रंगीत पान, वाचक जीव ओवाळून टाकतील. ज्या मुलीला घालवायला ओनोदेरा थेट कावागोएपर्यंत गेला होता, तिच्यासाठी तो आता खुर्चीतून उठून उभा राहिला.

"ती पाण्यात जाणार नाही."

"सेन्सेई, किनाऱ्यावर कोणीतरी लागेल ना."

 ओनोदेरा खाली बसला.

"वेर्लिंडा मोकळी आहे," तो म्हणाला.

पुस्तक आलं, गाजलं. चिगुसा मुखपृष्ठावर वाचत बसली. रंगीत पानावर राजकन्या लाटांत उभी होती आणि पोरं ते पान भराभर उलटून चिगुसाकडे जात होती.

चिगुसाला आठवणारे पुष्कळ आहेत, त्यात तुमची भर नको. संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा क्षणभर त्या वेर्लिंडाची आठवण काढा. सात वर्षं तिनं एका माणसाला पहाटे उठवलं, आणि तिच्या बापानंच तिला थंड पाण्यात उभं केलं.