शनिवारचं तेल आणि रेतोचा घोटा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे, आणि मित्रांनो, छातीठोकपणे सांगतो, मी जन्मात कधी गळलो नाही.

खालची फरशी ओली दिसतेय, तिच्याबद्दल नंतर बोलू.

तंजावरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हा दुखलं का, असं मुलं विचारतात. नाही. सुरुवातीचे ठोके बसले की पुढचे जाणवेनासे होतात. आयुष्यभर मला हे फार उपयोगी पडलं. राजसबाईंच्या लग्नाच्या सामानात बसून मी चेन्नईला, मैलापूरच्या घरी आलो. न्हाणीघरात माझी जागा. तोंड रुंद, पोट मोठं, सगळ्या घराचं आंघोळीचं पाणी माझ्यात. राजसबाईंचे सासरे अनंतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ह्या हंड्यातलं पाणी अंगावर घेतलं की ऑफिसात दुपारपर्यंत राग येत नाही!"

मग गीझर आला. अनंतरावांनीच आणला.

मी गच्चीवर गेलो. माझ्यात कांदे ठेवले. मग कोथिंबीर पेरली, ती उगवली नाही, म्हणून परत कांदे. पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात गल्लीत पाण्याची लॉरी शिरली की मला उचलून पळत खाली न्यायचे. तेव्हा मी लाखमोलाचा. पाऊस पडला की कांदे. मला ह्याचं काही वाटलं नाही.

अशात घरात रेतो आला. रेतो म्हणजे स्वित्झर्लंडचा फुटबॉलपटू, मिडफिल्डर. मिडफिल्डरने मैदानाच्या मधे राहून पुढच्यांना मदत करायची, मागच्यांना मदत करायची, आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. राजसबाईंचा मुलगा गिरीधर रेतोच्या क्लबात फिजिओ. रेतोचा डावा घोटा सुजलेला. क्लबचा फुगवायचा टब होता बर्फात बसायला, पण त्यात गोलकीपर खिळ्यांच्या बुटांसकट बसला आणि टब संपला. म्हणून गिरीधरने रेतोला आपल्या वरच्या खोलीत राहायला आणलं आणि मला गच्चीवरून खाली. कांदे जमिनीवर.

रोज संध्याकाळी माझ्यात पाणी, पाण्यात बर्फ, बर्फात रेतोचा डावा पाय. पाय बधिर होईपर्यंत रेतो इंग्रजीत आपली हकीकत सांगायचा, आणि गिरीधर ती आईला मराठीत सांगायचा.

"आई, हा म्हणतो, मोठ्या क्लबकडून पहिल्याच मॅचमध्ये गोल मारला."

"शाबास!"

"त्याआधीच रेफरीने शिट्टी वाजवलेली. ह्याला ऐकूच आली नाही. मैदानाला अख्खी फेरी मारून आला नाचत."

"बरं, मग?"

"मग दुसऱ्या क्लबने घेतलं. तो क्लब लगेच खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. मग देशाच्या टीमने बोलावलं."

"बघ! देशाच्या!"

"रेषेबाहेर वॉर्म-अप करायला लावलं. आत घेतलंच नाही. मॅच संपली तरी थांब म्हणून कुणी सांगितलं नाही, तर हा पळतोच आहे. स्टेडियमचे दिवे गेले तेव्हा थांबला."

राजसबाई रेतोकडे बघत राहिल्या. "अय्यो! आणि ह्याला रडू नाही आलं? विचार की."

गिरीधरने विचारलं. रेतो बर्फाकडे बघत चार शब्द बोलला.

"म्हणतो, पाय बधिर झाले होते."

"पायांचं कोण विचारतंय, मेल्या!"

तर हंगामातला शेवटचा सामना शनिवारी होता. त्यात रेतो नीट खेळला तर क्लब त्याला आणखी एक वर्ष ठेवणार होता. नाहीतर गावी जाऊन, डोंगरावर जाणाऱ्या भावाच्या रोपवेपाशी तिकिटं फाडायची. आणि रेतो गेला की मी कांद्यांकडे. आमचं दोघांचं त्या एका घोट्यावर होतं.

शनिवारी सकाळी गिरीधर बर्फ आणायला बाहेर पडला, आणि राजसबाई तिळाच्या तेलाची वाटी घेऊन आल्या.

"शनिवार आहे. पुरुषमाणसाने शनिवारी तेल लावून न्हायला नको? म्हणूनच घोटा बरा होत नाही. अंगात किती उष्णता साठली असेल ह्याच्या! बस, बाळा."

रेतोला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. तो बसला. कुणी बस म्हटलं की बसायची त्याला सवय होती. डोक्यापासून टाचेपर्यंत तेल जिरवून झालं, मग माझ्यात चुलीवरचं उकळतं पाणी आलं, मग शिकेकाई. वर मिरीचं रसम. रेतोचे डोळे मिटायला लागले.

"झोपू नको! तेलाच्या न्हाणानंतर दिवसा झोपायचं नसतं," असं म्हणून राजसबाईंनी त्याला दुपारपर्यंत चारदा हलवून उठवलं.

गिरीधर आला. "आई, हे काय केलंस? आज मॅच आहे!"

"म्हणूनच केलं."

वेळ नव्हता. त्याने मला न घासताच हॉलमध्ये ओढलं, माझ्यात बर्फाची लादी फोडून टाकली आणि रेतोचा डावा पाय आत घातला. सकाळी उकळतं, दुपारी बर्फ. माझ्या तळाच्या सांध्यात बारीकसं काहीतरी टिक् झालं. मला काही वाटलं नाही.

सामना राजसबाईंनी टीव्हीवर पाहिला. मीही तिथेच, हॉलमध्ये. रेतो मैदानावर होता. खेळत होता असं म्हणवत नाही. डोळे अर्धे मिटलेले, चाल झोपेत पाणी प्यायला उठलेल्या माणसाची.

"पळ की रे!" राजसबाई टीव्हीला म्हणाल्या. "गिरी, त्याला हलव!"

रेतो चालत चालत समोरच्यांच्या गोलपाशी पोचला आणि तिथे उभा राहिला. तेवढ्यात कुणीतरी जोरात मारलेला चेंडू त्याच्या डाव्या पायावर आदळला आणि जाळ्यात गेला. पायाला चेंडू लागला हे टीव्हीवर सगळ्यांना दिसलं. रेतोला कळलं नाही. सगळी टीम अंगावर धावून आली तेव्हा त्याला वाटलं, आपण झोपलेले सापडलो. तो हात जोडून प्रत्येकाची माफी मागत सुटला. रेफरीचीसुद्धा.

सामना त्याच गोलवर जिंकला.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी घोटा बघून चांगला आहे म्हटलं, आणि क्लबचे मॅनेजर श्रीवत्स कराराचे कागद आणि गुलाबाचा हार घेऊन घरी आले. रेतो माझ्यात पाय घालून बसला होता. मला अजून कुणी घासलं नव्हतं. राजसबाई सकाळपासून फोनवर होत्या, तंजावरच्या प्रत्येक नातेवाइकाला सांगत, "माझं तेल! बर्फाने काय होतंय?"

"तुमचं तेल आणि ह्याचं नशीब, मामी," श्रीवत्स म्हणाले. "या सर, तिकडे टेबलावर सही करू."

रेतो हसला. इतक्या दिवसांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना विसरू नका. चिंच लावून घासत जा. सांधे तपासत जा, फट बुजवायला डाग द्यायचा असेल तर वेळेवर द्या. कुणी काही बोलत नाही म्हणजे त्याला काही होत नाही, असं समजू नका. एवढंच सांगायचं होतं.

रेतोने डावा पाय बाहेर काढला आणि उजवा पुढे टाकला. तो माझ्याखालच्या तेलकट पाण्यात पडला आणि सटकला. उजवा घोटा मोडला.

"दुखतंय का?" गिरीधरने विचारलं.

"डावा नाही," रेतो म्हणाला.

श्रीवत्स कागद घेऊन परत गेले.