चाकाखाली लिंबू की मी?

मित्रांनो, मी उतारावर चाकाखाली लावायचा एक जुना बाभळीचा ठोकळा आहे, आणि एकदा एक ट्रॅक्टर, त्यामागची बोट आणि त्यामागचं अख्खं धरण मी एकट्यानं अडवून धरलं होतं. तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर ज्याला सांगितलं तो हसलाच आहे. माझ्या कानात ओवलेला हा नायलॉनचा दोर तर मी तोंड उघडायच्या आधीच हसतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. ट्रॅक्टर वर निघाला की मला ओढून काढायचं, एवढंच त्याचं काम. पण जिथं मी तिथं तो, म्हणून त्याला वाटतं आपणही मोठे.

माझा जन्म बोरी अरबच्या बाजूला एका बांधावर झाला. ती बाभूळ एवढी मोठी होती की तिच्या सावलीत ऊन विचारून येत असे. मारोती सुतारानं तिची बैलगाडी केली आणि उरलेला तुकडा एका बाजूनं तिरपा तासला. तो मी. असा तिरपा का, याचं मला फार दिवस कोडं होतं. पहिल्यांदा चाक अंगावर आलं तेव्हा कोडं सुटलं. चाक जितका जोर करतं, तितका मी जमिनीला जास्त घट्ट धरतो. मला ढकलणाराच मला पक्का बसवतो! अजूनही चाक अंगावर आलं की मला ह्याचं नवल वाटतं.

बैलगाडीनंतर मी गुलाबसिंगच्या ट्रकवर गेलो. वणीचा कोळसा वाहायचो आम्ही. तिथल्या एका चढावर मी तो भरला ट्रक पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत धरून ठेवला. डिझेल संपलं होतं, असं दोर म्हणतो. दोर तेव्हा जन्मलाही नव्हता, पण त्याला सगळं माहीत असतं. संपलं असेल डिझेल. धरलं कुणी?

पुढं गुलाबसिंगनं ट्रक सोडला, शेळ्या घेतल्या आणि मला घेऊन तांड्यात परतला. तिथं माझे वाईट दिवस आले. त्याची बायको बिजलीबाई मला कधी दाराला लावायची, कधी रांजणाखाली. कोंबड्या माझ्यावर बसून विचार करायच्या. मग तांड्यामागच्या धरणावर मासेमारी सोसायटीची नवी बोट आली, दोन चाकांच्या ट्रेलरवर बसून, आणि म्हाताऱ्या धावजीनं चाकाला लावायला काहीतरी दे म्हणून गुलाबसिंगला सांगितलं. धावजीची हयात मासेमारीत गेलेली. त्यानं मला हातात घेऊन उलटंपालटं केलं, दोर ओवला आणि मान हलवली. एवढं कौतुक मला पुरलं.

बोट पाण्यात घालण्यात काय विशेष, असं मलाही वाटायचं. पण पाहा, बोटीचं तोंड ट्रॅक्टरकडे आणि पाठ पाण्याकडे. ती उलटीच पाण्यात शिरते. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं. शेजारच्या गावचा गोपाल ट्रॅक्टर चालवायचा. जिनिंग कारखान्याच्या गर्दीत कापसाची ट्रॉली उलटी लावून लावून त्याचा हात असा बसला होता की तो सरळ जाताना एखाद वेळ चुकेल, उलटा जाताना कधीच नाही. धावजीचा नियम असा की बोटीच्या बुडाचं बूच लावणं, मागचे पट्टे सोडणं, लाइफ जॅकेटं आत टाकणं हे सगळं वरच्या सपाट जागेवरच करायचं. बोटीला ट्रेलरशी बांधून ठेवणारा पुढचा आकडा मात्र ती तरंगेपर्यंत सोडायचा नाही, आणि ट्रेलरच्या मागं कुणी उभं राहायचं नाही. सिमेंटच्या उताराचा खालचा भाग शेवाळानं हिरवागार; तिथं ट्रॅक्टरचं चाक गेलं की ब्रेकचं काही चालत नाही. म्हणून ट्रॅक्टरचं मागचं मोठं चाक कोरड्यावर थांबवायचं आणि त्याच्या खालच्या अंगाला मला लावायचं. आधी मी, मग बाकीचं जग.

नव्या बोटीचं बूडही अजून पाण्याला लागलं नव्हतं, तोच भादव्यात वरच्या अंगाला फार पाऊस झाला. गुलाबसिंग शेळ्या घेऊन पलीकडच्या टेकाडावर गेला होता. धरणाचं पाणी चढत गेलं आणि टेकाडाचं बेट झालं. सकाळी ते शाळेच्या मैदानाएवढं होतं, दुपारी बाजेएवढं. त्यावर गुलाबसिंग, त्याच्या शेळ्या आणि एक वाघही होता असं मी सांगितलं असतं, पण दोर ऐकतोय. गुलाबसिंगला पोहता येत नाही. येत असतं तरी शेळ्या सोडून तो आला नसता. बोट नीट उतरली तरच तो परत येणार होता. काठावर उभी असलेली बिजलीबाई टेकाडावरून नजर काढत नव्हती.

गोपालनं ट्रॅक्टर सरळ मागं घेतला. मी चाकाखाली बसलो. धावजी आकड्याकडे वाकला. तेवढ्यात बिजलीबाई आली. चपला वर काढून ठेवलेल्या, हातात ताट, ताटात कुंकू आणि लिंबू.

"गोपालभाऊ, थांब. नव्या गाडीले लिंबू नाई ठेवलं."

"आल्यावर ठेवू ना बिजलीबाई. पाणी वाढून राह्यलं."

"आल्यावर कायले? राखण त्याले आता पाहिजे. एकटा हाय तो तिकडं."

आमच्याकडे सायकल असो की हार्वेस्टर, नवी गाडी लिंबू चिरडल्याशिवाय पहिलं पाऊल टाकत नाही. ट्रेलरची चाकं पाण्यात, म्हणून मान ट्रॅक्टरच्या चाकाला; पण एका चाकाखाली दोघं मावेनात. बिजलीबाईनं एका हातानं दोर धरून मला ओढून काढलं आणि माझ्या जागी ते ठेवलं. लिंबू! गोल, पिवळं, ज्याला स्वतःला उतारावर थांबता येत नाही ते!

अंगणात करतात तसंच गोपालनं क्लच दाबून चाक जरासं मागं सोडलं. पण हे अंगण नव्हतं. मागं बोटीचा भार, खाली उतार. लिंबू फचकन गेलं आणि चाक थांबेना. गोपालनं ब्रेकवर पाय दिला. पण शेताच्या कोपऱ्यावर वळायला बरं म्हणून त्यानं डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक एकमेकांना न जोडता सुटे ठेवलेले, एकाच चाकाचा लागला. ट्रॅक्टर तिरका झाला. धावजी बाजूला उडाला म्हणून वाचला. शेवाळ हातभर अंतरावर आलं. ट्रॅक्टर त्यावर गेला असता तर बोटीला घेऊनच बुडाला असता, आणि टेकाडावरच्या माणसाची वाटही तिथंच बुडाली असती.

तेव्हा मी काय केलं? मित्रांनो, मी उडी मारली. दोराला हिसका दिला, हवेत गरकन फिरलो, तिरपी बाजू चाकाकडे केली आणि आत घुसलो. चाक अंगावर चढलं. मी सिमेंटात दात रोवले. ट्रॅक्टर थांबला, बोट थांबली, आणि धरणसुद्धा थांबलं. त्यानंतर पाणी बोटभरही चढलं नाही, कुणालाही विचारा. अंगावरची ही चीर तेव्हाची.

गोपालनं लहान गियर टाकून ट्रॅक्टर वर घेतला, सरळ केला, ब्रेक एकत्र जोडले आणि पुन्हा खाली आणला. या वेळी लिंबाचं नाव कुणी काढलं नाही. बोट तरंगली, धावजीनं आकडा सोडला आणि निघाला. बिजलीबाई उताराच्या कडेला बसली ती उठलीच नाही. घाबरली असेल.

शेळ्या आल्या, गुलाबसिंग आला. आधी सगळ्यांना काठावर उतरवलं, मग रिकामी बोट ट्रेलरवरच्या पट्ट्याच्या चरखीनं ओढून वर घेतली. ट्रेलर फार खोल नेला की बोट त्यावर वाकडी बसते, म्हणून बेतानंच नेला. ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत धावजीनं कुणाला उभं राहू दिलं नाही. वर आल्यावर बूच काढून आतलं पाणी सोडलं.

तर मित्रांनो, लिंबू ठेवायचं तर सपाटीवर ठेवा. उतारावर ठोकळ्याला हात लावू नका. आणि काम झालं की आम्हाला धुऊन वाळवत जा. ओल्यात टाकून दिलं की आमची विचारपूस करायला फक्त वाळवी येते.

माझी मात्र त्या दिवशी विचारपूस झाली. गुलाबसिंग काठाला लागला तो शेळ्यांकडे बघेना, बायकोकडे बघेना. सरळ माझ्याकडे आला, खाली बसला, दोन्ही हात जोडून...

"बस कर बे लबाडा," दोर म्हणाला. "मी तुह्या कानातच होतो. तू उडी नाई मारली. तिच्या हातात ताट होतं, तिनं तुले अनवाणी पायानं लाथ मारून चाकाखाली घातलं. अन् गुलाबसिंग खाली बसला तो तिचा फुटलेला अंगठा मांडीवर घेऊन बसलता."