पोकळ निघालेलं भिंग

"सर, लई हलकं लागून राहिलंय हे," गीतांजली प्लास्टिकची चकती तळहातावर तोलत म्हणाली.

"भाजी घ्यायला निघालीस का गं, वजन करायला?" व्यंकट सर हसले. विज्ञान स्पर्धेसाठी दोघं लातूरला निघाले होते आणि बस सुटायला आली होती.

चकती म्हणजे भिंगच, पण सपाट. मधे बारीक छिद्रं, कडेकडे मोठी. मधे प्लास्टिक जास्त, म्हणून मिलिमीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी तिथं जरा रेंगाळतात आणि कडेच्या लहरींबरोबर एका रांगेत पुढं निघतात. भोकरच्या या पोरीनं वर्षभर खपून छिद्रांचं गणित बसवलं होतं. विष्णुपुरीच्या प्रयोगशाळेत थ्रीडी प्रिंटरवर भिंग छापलं मात्र सरांनी.

लातूरला परीक्षक सिद्धलिंग सरांनी ते अँटेनासमोर बसवलं. लहरी एकवटून मीटरवरचा आकडा चढायला हवा होता; तो जेमतेम हलला.

"असं कसं हो, व्यंकटराव?"

"पोरीनं छापताना घाई केली असेल." सरांच्या तोंडून निघून गेलं.

गीतांजलीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. शेऱ्यात लिहिलं गेलं: विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा. पुढच्या फेरीतून तिचं नाव कटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी एकट्यानंच भिंग करवतीनं कापलं. आत भरीव प्लास्टिक नव्हतंच. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नुसती जाळी. आदल्या आठवड्यात स्नेहसंमेलनाची ढाल छापताना प्लास्टिक वाचावं म्हणून त्यांनीच प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आतला भराव वीस टक्क्यांवर आणला होता. तो पुन्हा शंभरावर न्यायचं राहून गेलं. त्यांचे कान तापले. तुकडे कचऱ्यात टाकावेत, कुणाला कळायचं नाही, असंही मनात येऊन गेलं. वळून बघतात तर दारात गीतांजली. जाळी बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"लातुरातच ध्यानात आलं, सर. सेटिंग तुम्हीच लावली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर? तुम्हाला?"

सरांना ते चापटीसारखं लागलं. त्यांनी सिद्धलिंग सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"काल मी खोटं बोललो. भिंग मी छापलं. चूक माझी होती, मुलीची न्हाई."

पलीकडून प्रश्न आला, "हे लेखी द्याल?"

"हाव. आजच."

"द्या मग. शेरा बदलतो. फेरीचं मात्र सांगता येत न्हाई."

फोन बंद झाला. गीतांजलीनं कागद आणि पेन सरांपुढं सरकवलं. 'भिंग मी छापलं,' अशी पहिली ओळ त्यांनी लिहिली. समोर बघायचा धीर काही झाला नाही.