छकूच्या गावाचे नियम

सकाळी छकूला मैत्रिणीचा फोन आला तेव्हा वडील दाढी करत होते. "स्पीकर लावलास का गं?" त्यांनी आतूनच विचारलं. लावलेलाच होता. मैत्रीण काहीतरी बोलली आणि छकू हसली. फोन ठेवताच वडील गालावरचा फेस न पुसता तसेच बाहेर आले.

"हसलीस कशाला?"

"ती म्हणाली, गणिताचे सर शिंकले की फळासुद्धा दचकतो."

हे सांगून झाल्यावर त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. वडिलांनी मान हलवली आणि ते आत गेले. आई डबा भरत होती. तिने वर पाहिलं नाही.

वडिलांचं औषधांचं दुकान होतं. देवमाणूस, असं गिऱ्हाईकं म्हणत, आणि त्यात खोटं नव्हतं. त्यांनी मुलीवर कधी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. "माझा तुझ्यावर विश्वास आहे बाळा, जगावर नाही," एवढंच ते म्हणत. तिच्या खोलीची आतली कडी त्यांनी स्वतः काढली होती आणि स्क्रूची भोकं पांढऱ्या पुट्टीने नीट बुजवली होती. छकू सोळा वर्षांची झाली तरी घरात छकूच होती.

शाळेत त्या दिवसांत इंग्रजीच्या बाई डिस्टोपियन कादंबरी शिकवत होत्या. बाई तळमळीच्या. "डिस्टोपिया म्हणजे असं राज्य," त्या सांगत, "जिथे सगळं तुमच्या भल्यासाठीच चाललंय म्हणतात, आणि श्वास मात्र घेता येत नाही." कादंबरीतल्या शहरात माणसांना रडायला परवाना लागत होता. ते वाचताना बाई डोळे पुसायच्या. छकूला काहीच व्हायचं नाही. परवाना मिळत असेल तर बरंच आहे की, असं तिला वाटायचं.

त्या दिवशी बाई म्हणाल्या, "आता एकेकाने उठून आपल्या मनातलं असं गाव सांगा. अंगावर काटा आला पाहिजे!"

एकाच्या गावात यंत्रमानव पहारा देत होते. मागच्या बाकावरच्या एका उपद्व्यापी पोराच्या गावात रविवारीही गणिताचा तास होता. त्यावर वर्ग खो खो हसला. छकूची पाळी आली. तिला ऐनवेळी काही सुचेना, म्हणून तिने घरचंच सांगून टाकलं. फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा घ्यायचा. हसलं तर कारण सांगायचं. दाराला आतून कडी नसते. घरी यायचा रस्ता एकच, आणि कोपऱ्याकोपऱ्यावरून फोटो पाठवायचा. हे सगळं प्रेमापोटी असतं, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हेच कळत नाही.

"वा! याला म्हणतात कल्पनाशक्ती!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. छकू गोंधळली. सगळ्यांच्या घरी असंच असतं, असा तिचा समज होता.

बाईंचा उत्साह तेवढ्यावर थांबला नाही. शनिवारच्या पालकसभेत त्यांनी छकूचं ते गाव मराठीत सांगून तिचं तोंडभरून कौतुक केलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. छकूच्या वडिलांनीही वाजवल्या. आईचे हात मांडीवरच राहिले.

सोमवारपासून छकूची जागा रिकामी होती.

आठवडा गेला तसा बाईंना राहवेना. एका दुपारी शाळा सुटल्यावर त्या तिच्या घरी गेल्या. वडील जेवायला दुकान बंद करून आले होते. "या या, बाई!" त्यांनी खुर्ची पुढे केली. आईने चहा आणला. तिच्यामागून छकू येऊन उभी राहिली.

"शाळा बंद केली नाही हो, थांबवलीये," वडील शांतपणे म्हणाले. "बाहेरून परीक्षा देईल. घरातलं घरात राहावं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण ते तर तिने कल्पनेतून..."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. "स्पीकरवर घ्या," आई सवयीने बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

बाईंनी फोन तसाच वाजू दिला. त्यांची नजर छकूच्या खोलीच्या उघड्या दाराकडे गेली. तिथे कडीच्या जागी पुट्टीचे पांढरे ठिपके होते. मग त्यांना सगळं कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुस्तकातल्या शहरासाठी डोळे पुसणाऱ्या बाईंनी समोरच्या मुलीला टाळ्या वाजवून पकडून दिलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"छकू, तुला यायचंय ना शाळेत?"

छकूने वडिलांकडे पाहिलं. त्या पाहण्यात भीती नव्हती, नुसती सवय होती. "बाबा म्हणतील तसं," ती म्हणाली. ती रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

बाई उठल्या. आई त्यांना फाटकापर्यंत सोडायला आली.

"हसत राहा बाई, ते खिडकीतून बघतायत," आई म्हणाली. तीही हसत होती. "माझी शाळाही अशीच थांबवली होती, माझ्या वडिलांनी. तेव्हाही एक बाई घरी आल्या होत्या. चहा पिऊन गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मी कितीतरी दिवस फाटकाकडे बघत बसायचे."

बाईंना हसू आवरतं घ्यावंसं वाटलं, पण त्यांनी ते तसंच धरून ठेवलं.

"तुम्ही उद्या या. हाकललं तर परवा या. घरात माझं काही चालत नाही. पण दार उघडायचं काम माझ्याकडेच आहे."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बाई आल्या. सोबत मुख्याध्यापिकाही होत्या. बेल वाजली तशी वडिलांनी खिडकीचा पडदा सारून पाहिलं.

"उघडू नकोस गं," ते नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले.

आई दाराशी गेली.

"उघडलं," ती म्हणाली.