तीन चुकलेली उत्तरं

मयुरीला सैन्यातलं काहीच कळत नव्हतं. ती उमरेडच्या विणकरांची मुलगी, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि शहरात सदर भागातल्या एका छोट्या कंपनीत परीक्षा तयार करायची. बँकेच्या आणि नर्सिंगच्या परीक्षा तिच्या हातून गेल्या होत्या. मागच्या वर्षी कंपनीला लष्कराच्या एका विभागाचं काम मिळालं. नायक हुद्द्यावरच्या जवानाला हवालदार करताना घ्यायची परीक्षा होती, आणि ती सगळी संगणकावर घ्यायची होती. त्यासाठी ते आयुष्य जगलेला माणूस हवा होता.

तसे आनंदराव आले. कामठीला राहणारे, निवृत्त नायब सुभेदार. पहिल्याच दिवशी तिचे प्रश्न वाचून त्यांनी मान हलवली.

"हे तर सारे पाठ करून येतात, बेटा. पुस्तकात काय लिहिलं ते नको विचारू. गोळी सुटल्यावर काय करशील, ते विचार."

मग ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. वायरलेस बंद पडलाय, एका जवानाच्या मांडीला गोळी लागलीय, उतारावरून फायरिंग सुरू आहे. तू दहा जणांच्या सेक्शनचा प्रमुख आहेस, आधी काय करशील? असे चारशे प्रश्न आठ महिन्यांत उभे राहिले. आनंदराव स्वतः चार वर्षं नायकपदावर अडकले होते, कारण एका साहेबाची मर्जी नव्हती. "कम्प्युटरले कोनाचा चेहरा दिसत नाही," ते म्हणायचे. "तू लय मोठं काम करून राहिली."

मयुरीचे वडील ती कॉलेजात असतानाच वारले होते. तिच्या कामाला कोणी मोठं म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. ती त्यांना काका म्हणू लागली. कामठीला त्यांच्या घरी दोनदा जेवूनही आली. त्यांची मुलगी श्वेता आणि जावई पंकज तिथेच भेटले. पंकज नायक होता, परीक्षेला बसणार होता. जेवताना मयुरी जरा अवघडली, तसे आनंदराव हसले. "घाबरू नको वं. या घरात परीक्षेचा 'प'सुद्धा निघनार नाही."

शेवटच्या तपासणीच्या वेळी आनंदरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. पडद्याकडे पाहिलं की पाणी यायचं. प्रश्नसंच ऑफिसबाहेर न्यायला सक्त मनाई होती. तरी मयुरीनं परीक्षेसाठी निवडलेल्या साठ प्रश्नांची मोठ्या अक्षरातली प्रत काढली, उत्तरांसकट, आणि दोन दिवसांसाठी त्यांच्या हाती दिली. तिसऱ्या दिवशी ते ती परत घेऊन आले, बाजूला पेन्सिलीनं खुणा करून.

त्यानंतर आठवडाभरानं मयुरीला स्वतःची एक चूक सापडली. तीन प्रश्नांमध्ये तिनं पर्यायांचा क्रम बदलला होता, पण उत्तराचं अक्षर जुनंच राहिलं होतं. छापील प्रतीतही ते तसंच गेलं होतं आणि आनंदरावांच्याही नजरेतून सुटलं होतं. तिनं ते संगणकावर दुरुस्त केलं. कोणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं.

परीक्षा झाली. एकशे अठरा नायक बसले. निकाल तपासताना वरून दुसऱ्या नावाशी मयुरी थांबली. साठपैकी सत्तावन्न. चुकलेली उत्तरं तीनच, आणि ती नेमकी त्याच तीन प्रश्नांची. अक्षरंही छापील प्रतीतलीच. संगणकानं प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळही नोंदवला होता. जो प्रसंग नुसता वाचायलाच एक मिनिट लागतं, तिथे सात सेकंद.

नाव पंकजचं होतं.

तिनं सगळं पुन्हा तपासलं. आपलंच काही चुकलं असावं, असं तिला मनापासून वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर ऑटोनं ती कामठीला गेली.

आनंदराव अंगणात पेपर वाचत बसले होते. तिनं कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिला, घडी घातली आणि परत दिला.

"काका, काहून केलं असं?"

"पोरगी हाय माही," ते म्हणाले. "जावयाले कम्प्युटरची लय भीती. हात थरथरत होते त्याचे."

"बाकीच्या एकशे सतरा जणांचे नाही थरथरले?"

त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाले, "तीनच तर उत्तरं हायेत. तुह्याशिवाय कोनाले समजनार? राहू दे ना."

"मी सांगणार आहे, काका."

"सांग." पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्यात पाहिलं. "पन कागद कोनं देल्ला, तेही सांगा लागन. नोकरी तुही जाईन, बेटा."

'बेटा' त्यांनी नेहमीसारखंच म्हटलं होतं. मयुरीनं कागद पर्समध्ये ठेवला. ती निघाली आणि सदर येईपर्यंत ऑटोत रडत राहिली. शेजारच्या बाईनं सरकून तिला जागा करून दिली.

ऑफिसात तिनं ऋषिकेशला, तिच्या वरिष्ठाला, सगळं सांगितलं. प्रत कोणी काढली तेही. "अहवालात प्रतीचं तरी लिहू नकोस," तो म्हणाला. तिनं लिहिलं.

परीक्षा सगळ्यांचीच रद्द झाली. ज्यांनी प्रामाणिकपणे पेपर सोडवला होता त्यांचीसुद्धा. चौकशीला मयुरीलाही बोलावलं होतं. पंकज ताठ उभा होता. दोन वर्षांपूर्वी डोंगरात तो स्वतः, चुकलेल्या तीन प्रश्नांपैकी एकात होता तशाच गोळीबारात सापडला होता, आणि आधी आडोसा धरून, फायर देऊन त्यानं जखमी जवानाला बाहेर काढलं होतं. त्याच्या नोंदीत ते होतं. मग त्याच प्रसंगाचं उत्तर चुकीचं का दिलं, असं चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"सासऱ्यांच्या कागदावर वेगळं होतं, साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं, तेव्हा माझंच चुकलं असेल."

पंकजला पुढच्या परीक्षेला बसायला मनाई झाली. आनंदरावांचा करार संपला. स्वतःहून सांगितल्यामुळे मयुरीची नोकरी राहिली, पण काम ऋषिकेशच्या देखरेखीखाली गेलं. आनंदरावांना माहीत असलेले चारशेही प्रश्न फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती.

या खेपेला बाबूलाल नावाचे कन्हानचे निवृत्त हवालदार आले. भले गृहस्थ. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक प्रसंग इतका छान सांगितला की लिहिता लिहिता मयुरी हसली. संध्याकाळी निघताना ते म्हणाले, "मॅडम, रविवारी या ना घरी जेवाले. बायको वाट पाहून राहिली."

"नाही जमणार," मयुरी म्हणाली. टेबलावरचे कागद तिनं एक एक करून मोजले, कपाटात ठेवले आणि त्यांच्यासमोरच कुलूप लावलं.

बाबूलाल थोडे ओशाळले. "विश्वास नाही का जी?" त्यांनी हळूच विचारलं.

त्यांचा काहीच दोष नव्हता. ते तिला कळत होतं. पण तिनं किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "उद्या अकराला या."