पर्समधला कांदा

धाकट्या जावेच्या दारात सरकारी गाडी उभी राहिली, त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. प्रार्थनेला डोळे मिटले, तरी देवाच्या आधी ती गाडीच समोर यायची.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही अग्निशमन दलात. थोरला आगीत शिरणारा, धाकटा आगीपुढे उभं राहून फोटो काढून घेणारा. आणि दलाचा प्रमुख कोण झाला? तर धाकटा! का, तर शहराचा कारभार हाकणाऱ्या साहेबांचं भाषण सुरू झालं, की त्याच्या डोळ्यांना धारा लागत. साहेबांना त्याचं भारी अप्रूप. "काम काय, कुणीही शिकतं," ते म्हणायचे, "निष्ठा रक्तात असावी लागते." लोक मागून त्याला 'हुंदकेसाहेब' म्हणत. म्हणेनात का! गाडी तर पुढून दिसत होती.

आता दुसऱ्या केंद्राला प्रमुख नेमायचा होता. नाव साहेब भरसभेत जाहीर करणार होते.

"अहो, एकदा रडलात तर काय झिजाल?" थोरली म्हणाली.

"इतकी वर्षं धूर खाल्ला गं. डोळ्यांत आता पाणीच येत नाही."

"मग रुमालात कांदा घ्या."

"कांदा घेऊन बंबावर चढू?"

"बंबावर नाही, बंगल्यात जाल!"

तो हसला. त्याच्या हातांना अजून पट्ट्या होत्या. गेल्या महिन्यात साहेब दौऱ्यावरून परतले, तेव्हा हुंदकेसाहेबांनी सगळे बंब स्वागताला नेऊन रस्त्यावर पाण्याच्या कमानी उडवल्या होत्या. त्याच दुपारी एका सुताराचा कारखाना पेटला. बंब पोचले ते रिकामे. थोरला ओलं पोतं पांघरून आत शिरला, सुताराला उचलून बाहेर घेऊन आला. पण सुतार वाचला नाही.

सभेच्या दारात धाकटी गाडीतून उतरली. "अगंबाई, जाऊबाई! चालत आलात? सांगायचं तरी, गाडी पाठवली असती."

"चालणं बरं असतं हो तब्येतीला," थोरली गोड हसली, पण आतून अंगाचा नुसता तिळपापड. त्याच तणतणीत तिनं नवऱ्याला पुढच्या रांगेत पिटाळलं आणि स्वतः बायकांत जाऊन बसली.

साहेबांनी हात उंचावला. "माझ्या शहरात यंदा आगीनं एकही माणूस दगावला नाही!"

टाळ्या पडल्या. हुंदकेसाहेबांनी ठरल्याप्रमाणे रुमाल काढला. पण त्यांच्या शेजारी थोरल्याचे खांदे गदगदा हलत होते. लागला वाटतं कांदा कामाला! आनंदानं थोरलीच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला तिनं पर्समध्ये हात घातला, तर रुमाल तिथेच होता. आणि त्यात गुंडाळलेला कांदाही. तणतणीत तो नवऱ्याला द्यायचाच राहिला होता.

साहेबांनी थोरल्याला वर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. "अशी माणसं हवीत मला!"

धाकटीनं मान वळवून जावेकडे पाहिलं. डोळ्यांत नुसती आग. वर्षभर थोरली याच नजरेची वाट बघत होती. आता ती मिळाली, तर घशाखाली उतरेना.

"साहेब," थोरला माइकपाशी वाकला, "सुतार दगावला. माझ्या हातांवर दगावला. कमानी उडवल्या नसत्या, तर बंबात पाणी असतं."

माइक बंद पडला. तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा साहेबांचा हात खांद्यावरून उठला. तेवढ्यात मांडववाल्यानं टाहो फोडला, "साहेब, तुमचा अपमान बघवत नाही हो!" दुसरं केंद्र त्याला मिळालं. बंबाला चाकं किती, हेही त्याला मोजूनच सांगावं लागलं असतं.

बाहेर थोरला पायरीवर बसला होता. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी त्याला चपलेचा पट्टा लावता येईना. थोरली समोर बसली आणि तिनं तो लावून दिला.

गाडीची काच खाली आली. "या ना दोघं, सोडते," धाकटी म्हणाली. मग आवाज उतरवून, "जाऊबाई, भावोजींना खरंच रडू आलं, नाही? सासूबाई गेल्या तेव्हा आमच्या ह्यांनी डोळ्यांना लावायला माझ्याकडे बाम मागितला होता हो."

आणि तिनं पुन्हा सभेतल्यासारखंच जळत बघितलं, आधी थोरल्याकडे, मग चपलेच्या पट्ट्यावरच्या थोरलीच्या हाताकडे.

"गाडी छान आहे गं," थोरली म्हणाली. तिला ती अजूनही छानच वाटत होती. "पण आम्ही चालत जातो."