बहिरमची बांधाबांध

"बाबा, मी बहिरमले नाही आली तं तुमचं काय अडते?"

जमुनानं विचारलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. शाळेतल्या दोघी मैत्रिणींनी पैज मारली होती, की बापासमोर हे वाक्य तिच्या तोंडून पुरं निघायचंच नाही. तिनं तर एका दमात म्हणून टाकलं होतं. आता उत्तर काय येतं याचीच धाकधूक.

शेषराव अंगणात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवून पाहत होते. दोन वर्षांपूर्वी साता समुद्रापलीकडे कुठंशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून या घरातलं सगळं चकाकू लागलं होतं, माणसं तेवढी सोडून. यंदा बहिरमच्या जत्रेत नवीकोरी राहुटी ठोकायची, पंधरा दिवस मुक्काम करायचा, येईल त्याला रोडगे आणि वांग्याची भाजी वाढायची, असं शेषरावांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं.

"अडते म्हंजे?" मान वर न करता ते म्हणाले. "पोट्टे कोन सांभाळीन?"

"गंगूबाई. घरकामाले येते ना ते."

"गंगूबाई दिवसभर कापसाच्या वेचणीले जाते आता. दुप्पट रोज भेटते तिले. तुह्या भावाचं नाक पुसाले कोन येते?"

पुढच्या सोमवारी अकोल्याहून साहेब मुलींच्या शाळेची परीक्षा घ्यायला येणार होता. जमुना वर्गात पहिली. वैशाखात तिची सासरी पाठवणी ठरलेली, म्हणजे तिच्या आयुष्यातली परीक्षा ही एवढी एकच. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणीही त्याचा विषय काढला नव्हता.

"मंग माय सांभाळीन," ती म्हणाली.

"मंग मायनं जत्रेत यावंच काहाले? घरीच बसावं तिनं."

माणिकबाई दारातच उभ्या होत्या. आठ वर्षांत त्या घराबाहेर पडल्या त्या फक्त बाळंतपणाला, माहेरी. त्यांनी लेकीकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चक्क विनवत होत्या, आणि त्याचाच जमुनाला संताप आला.

"बांधते मी पोट्ट्याईचं," म्हणून ती आत गेली.

सहा वर्षांच्या पुंजाला कोणती बंडी टोचते, चार वर्षांची आशा कोणतं फडकं हातात धरल्याशिवाय झोपत नाही, दोन वर्षांच्या किसनच्या खोकल्याचं वेखंड कोणत्या डबीत आहे, हे सगळं तिलाच पाठ.

"जमे, लंगोट कुठी हायेत वं?" मायनं विचारलं.

"तुह्या मागं, टोपल्यात. तीन पोट्टे तुलेच झाले ना?"

माय हसली. खालच्या मानेनं, पण हसली.

मग जमुना दुलया काढायला माळ्यावर चढली. बहिरम म्हणजे सातपुड्याचा पायथा, त्यात पौषाची थंडी आणि वर नुसतं राहुटीचं कापड. घरी चुलीच्या भिंतीला लागून वाकळीत पोरांचं भागत होतं, तिथं भागणार नव्हतं. तिनं वरची दुलई ओढली, तर ती झिरझिरीत लुगड्यासारखी हातात आली. दुसरीही तशीच. पाचही तशाच. फुलाफुलांच्या छिटाच्या रिकाम्या खोळी, नीट घडी घातलेल्या.

"माय, यातला कापूस कुठी गेला?"

"तुह्या बाबानं इकला दसऱ्याले. गाद्याईतलाबी. म्हने, असा भाव पुन्हा येत नाही. भाव उतरला का नवा भरू."

"मंग भरला काहून नाही?"

"उतरलाच कुठी भाव?"

जमुनाला हसू फुटलं ते आवरेना. गावाबाहेर नजर पोचेल तिथवर यांच्याच शेतात बोंडं फुटली होती, बैलांची शिंगं चांदीची झाली होती, आणि घरात लेकराच्या अंगावर टाकायला मूठभर कापूस नव्हता. खाली किसन खोकला. तेव्हा तिचं हसू थांबलं.

तिनं पाचही खोळी उचलल्या आणि अंगणात बापासमोर नेऊन टाकल्या.

"पोट्ट्याईवर काय टाकाचं बाबा?"

शेषराव क्षणभर ओशाळले. "घोंगड्या हायेत ना."

"त्या पाव्हण्याईसाठी बांधल्या तुमी. मले हात लावू देला नाही."

"मंग काय झालं? पोट्टे बिलगून झोपतात. तू हाये ना त्याईच्या मधात."

बाप हे सहज बोलला होता, प्रेमानंसुद्धा असेल. जमुनानं माणिकबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"मी येत नाही," ती म्हणाली. "आन हे तिघंबी येत नाहीत. तुमी दोघं जा. मायले सारी जत्रा दाखवा, एक दुकान सोडू नका. रात्री गंगूबाई येऊन निजीन आमच्यापाशी, तिले मी इचारते. आन सोमवारी किसनले कडेवर घेऊन मी साहेबापुढं उभी राह्यते."